‘सक्ती वापरा’ असं मीच लिहिलं होतं

सतरा वर्षं मी पगार घेऊन सल्ले लिहिले. लग्न, तब्येत, ग्रहदशा यांबद्दलचे नव्हेत. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिणारं माणूस कुठं अडलं की पडद्याच्या खालच्या बाजूला एक-दोन ओळी उमटतात : असं झालंय, आता असं करा. त्या ओळी आपोआप येतात असं पुष्कळांना वाटतं. त्या कुणीतरी बसून, खोडून, पुन्हा लिहिलेल्या असतात. आमच्या सॉफ्टवेअरमधल्या त्या ओळी मी लिहीत असे.

ते सॉफ्टवेअर कशाचं, हे आधी सांगायला हवं. हाच दिवाळी अंक घ्या. एक प्रत संपादकांकडे, दुसरी मुद्रितं तपासणाऱ्या बाईंकडे, तिसरी मांडणी करणाऱ्याकडे. तिघंही एकाच वेळी आपापल्या प्रतीत बदल करत असतील, तर छापायची कोणती? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा रोजचा पेच हाच. म्हणून ऑफिसातल्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर, एक मुख्य प्रत ठेवतात. प्रत्येकानं आपलं काम तिथं पाठवायचं आणि दुसऱ्यांचं तिथून आपल्याकडे घ्यायचं. प्रत्येक बदलासोबत छोटी टीप लिहायची, म्हणजे कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली ते पुढं कधीही बघता येतं. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर पुण्यातली आमची लहानशी कंपनी बनवत असे. संदेश मराठीतही मिळत, हे आमचं वैशिष्ट्य. तालुक्याच्या गावांतून प्रोग्रॅम लिहिणारी जी मुलंमुली तयार झाली, त्यांना ते बरं पडे.

माझी भरती झाली ती मात्र फोन घ्यायला. अंबाजोगाईत बी.एस्सी., मग टायपिंगच्या क्लासात शिकवणं, लग्नानंतर पुणं, एवढीच माझी शिदोरी. एके दिवशी माजलगावहून एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या गृहस्थांचा फोन आला. आवाज घाबरलेला.

“मॅडम, हे तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय, माझं मुंडकं धडावेगळं झालंय.”

“काय झालंय?”

“मुंडकं! धडावेगळं! मी तर इथं खुर्चीत बसलोय, चांगला जिता. आता पुढं काय करू ते कायच लिव्हलेलं न्हाई.”

इंग्रजीत प्रोग्रॅमर आपल्या कामाच्या चालू जागेला ‘डोकं’ म्हणतात. ती जागा मुख्य वाटेपासून सुटली, एवढाच त्या संदेशाचा अर्थ. कुणीतरी शब्दकोश मांडीवर घेऊन भाषांतर केलं होतं. मी त्या गृहस्थांना दोन मिनिटांत वाटेवर आणलं आणि दुपारी कंपनीचे प्रमुख देवधर सरांसमोर जाऊन बसले. म्हटलं, हे संदेश मला लिहू द्या. ते हसले आणि दिले.

काम मला फार आवडलं. चांगल्या संदेशात तीन गोष्टी लागतात : काय झालं, तुमचं काम आत्ता कुठं आहे, आणि काहीही न गमावता पुढं काय करता येईल. अडलेलं माणूस वाचत नाही, नजर फिरवतं. म्हणून शब्द थोडे हवेत. मी शब्द कापायला शिकले. पाच ओळींच्या दोन, दोनाची एक. ऑफिसात मला ‘कात्री’ म्हणू लागले आणि मला त्याचा अभिमान वाटे. देवधर सरांनी एकदा फर्मान काढलं की सगळे संदेश छोट्या चौकटीत मावले पाहिजेत. बाकीचे कुरकुरले. मी तीन आठवड्यांत सगळे मावते करून दिले. कौतुक झालं, पेढे आले.

पुढं सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आम्ही अंबाजोगाईला परतलो. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली. तिथंही मी एक नेम ठेवला होता : दर सोमवारी सकाळी ग्राहकांच्या आलेल्या ई-मेल वाचायच्या. उत्तरं द्यायला पुण्यात वेगळी माणसं होती. पण आपला सल्ला वाचून लोक कुठं जाऊन पडतात, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

अशाच एका सोमवारी मंगल नावाच्या मुलीच्या दोन मेल एकाखाली एक दिसल्या. पहिली महिन्याभरापूर्वीची : “मी मुख्य प्रतीत पाठवलेलं काम तुमच्या सॉफ्टवेअरमधून गायब होऊ शकतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.” खाली पुण्याहून गेलेलं ठरावीक उत्तर : “आमच्याकडे पाठवलेलं काम कधीही गायब होत नाही. निश्चिंत राहा.”

दुसरी मेल आदल्या दिवशीची होती. “तुमचं उत्तर आमच्या साहेबांनी छापून मला दाखवलं. मी खोटं बोलते असं ठरलं. माझी नोकरी गेली. निश्चिंत राहा असं परत कुणाला लिहू नका.”

खाली फोन नंबर होता. मी लावला. मी कोण ते सांगितलं. मग ती बोलू लागली, सावकाश, जणू हे सगळं आधी दहा वेळा सांगून झालेलं होतं.

मंगल आष्टीची. घरातले अर्धं वर्ष ऊसतोडीला, ही वसतिगृहात राहून शिकलेली. आमच्याच अंबाजोगाईत दत्ताभाऊ म्हणून एकांची चार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथं ती कामाला होती. एका खासगी दवाखान्याच्या रक्तपेढीसाठी ते प्रोग्रॅम करत होते. पेशंटच्या आणि रक्ताच्या पिशवीच्या गटात मेळ नसेल तर कॉम्प्युटरनं आवाज करून पिशवी देणं थांबवायचं, हा भाग मंगलनं लिहिला, तपासला, मुख्य प्रतीत पाठवला आणि दुसऱ्या दिवशी आईच्या ऑपरेशनसाठी बारा दिवसांच्या रजेवर गेली. ती रजेवर असताना तिच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बिघडली. नवी बसवली. सगळं मुख्य प्रतीत आहेच, म्हणून कुणी काळजी केली नाही.

नवव्या दिवशी रक्तपेढीतले तंत्रज्ञ शेषरावभाऊ एक पिशवी देत होते. पिशवी ‘ए’ गटाची, पेशंट ‘ओ’ गटाचा. कॉम्प्युटरनं मुकाट्यानं पावती छापली. शेषरावभाऊंनी सवयीनं पिशवीवरची चिठ्ठी डोळ्यांनी वाचली, म्हणून ती पिशवी त्यांच्या हातातच राहिली. पेशंट वाचला. दत्ताभाऊंनी मुख्य प्रत उघडून बघितली, तर मंगलच्या कामाचा मागमूस नाही.

“मी म्हणले, लिव्हलतं मी, पाठवलंतं,” मंगल म्हणाली. “ते म्हणले, मग गेलं कुठं? मी तुमाला विचारलं. तुमी सांगितलं, कुठंच जात न्हाई. मंजी मीच खोटी.”

“तू रजेवर असताना मुख्य प्रतीत दुसऱ्या कुणी काही पाठवलं होतं का?”

“इरफाननं. छपाईची दुरुस्ती. ते बी दवाखान्यात बसवायची घाई होती.”

मी फोन ठेवला आणि घरातले दोन कॉम्प्युटर शेजारी मांडले. एकावर मंगल झाले, दुसऱ्यावर इरफान. मंगल होऊन काम पाठवलं. मग इरफान होऊन, तिचं काम आपल्याकडे न घेताच, माझं पाठवलं. सॉफ्टवेअरनं नकार दिला आणि खाली सल्ला दिला : “पाठवणी नाकारली. मुख्य प्रत पुढे आहे. पाठवायचंच असल्यास ‘सक्ती’ वापरा.”

मी ‘सक्ती’ टाइप केलं. “पाठवणी यशस्वी.” मुख्य प्रत उघडली. मंगल होऊन लिहिलेली एकही ओळ तिथं नव्हती. कुठं खरचटल्याची खूणसुद्धा नाही.

हा संदेश पूर्वी असा नव्हता, एवढं मला पुसट आठवत होतं. जुन्या नोंदी काढल्या. आधीच्या रूपात आणखी दोन ओळी होत्या : ‘सक्ती’ वापरल्यास सहकाऱ्यांचं काम मुख्य प्रतीतून पुसलं जाईल, त्याऐवजी आधी त्यांचं काम आपल्याकडे घ्या. या ओळी कोणी काढल्या, ते सॉफ्टवेअरला विचारलं. माझं नाव आलं. बदलाचं कारण म्हणून मी टीप लिहिली होती : “छोटा केला.”

 पेढे आले होते त्याच तीन आठवड्यांतलं ते काम होतं.

एक आशा होती. सक्तीनं पुसलेली प्रत सर्व्हर लगेच फेकत नाही. साठ दिवस ती एका आडबाजूला ठेवतो, मग साफ करतो. बाहेर हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ते सांगणारा संदेशच कुठं नव्हता. इरफाननं पाठवलं त्या दिवसापासून मी बोटांवर दिवस मोजले. बावन्न झाले होते.

देवधर सरांना फोन केला. सगळं सांगितलं, माझी ओळसुद्धा. ते ऐकून घेऊन म्हणाले, “शाहीन, आपण चूक मान्य केली असं कुठंही लेखी जाता कामा नये. मी पुढच्या मंगळवारी वकिलांशी बोलतो.”

“मंगळवारी साठ दिवस भरतात, सर.”

“मग त्यानंतर बघू.”

“त्यानंतर बघायला काही उरणार नाही.”

“तू उगाच मनाला लावून घेतेस,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्या कंपनीत चाळीस घरं पोसली जात होती आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच मुलगी होती.

मी चपला घालून दत्ताभाऊंच्या ऑफिसात गेले. घरापासून पंधरा मिनिटांवर. वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं भाजीला जात होते. दत्ताभाऊ पन्नाशीचे, पूर्वी कॉम्प्युटर क्लास चालवणारे, फटकळ पण सरळ. शेजारच्या टेबलावर तिशीचा इरफान. मी कोण ते सांगितल्यावर दत्ताभाऊंनी ड्रॉवरमधून आमची छापलेली मेल काढून समोर ठेवली.

“हे तुमच्याच कंपनीचं हाय न्हवं?”

“आहे. आणि चुकीचं आहे.”

“आता चुकीचं? त्या पोरीनं तुमाला फोन केला वाटतं.”

“मी तिला केला. भाऊ, तुमच्या सर्व्हरवर तिचं काम अजून असू शकतं. मला बघू द्या.”

“दवाखान्याचा प्रोग्रॅम त्या सर्व्हरवरून चालतो. एकदा हात पोळलाय माझा. बाहेरच्या माणसाला मी न्हाई हात लावू देत,” असं म्हणून त्यांनी विषय बंद केला. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा ते बीडला गेलेले. शनिवारपर्यंत रोज तेच. मग रविवार. सोमवारी सकाळी ऑफिसचं शटर वर जाताना मी पायरीवर उभी होते.

दत्ताभाऊंनी कपाळाला हात लावला. “तुमी काय ऐकत न्हाई. बरं, एक सांगा. हे चुकीचं हाय म्हणता, ते तोंडी का लेखी?”

मी त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला. आयुष्यात इतके संदेश लिहिले, पण याच्याइतका सरळ दुसरा मला जमला नसेल. “आमच्या सॉफ्टवेअरमधून सहकाऱ्याचं काम पुसलं जाऊ शकतं. तसं करण्याचा सल्ला आमचंच सॉफ्टवेअर देतं. धोक्याची सूचना त्यातून मी काढली.” खाली सही केली, पूर्ण नाव घातलं.

दत्ताभाऊंनी दोनदा वाचलं. “कंपनी तुमाला ठेवायची न्हाई, मॅडम.”

“ते मी बघते. तुम्ही सर्व्हर उघडा.”

 इरफान खुर्ची ओढून माझ्याजवळ आला. “आपा, ते सक्तीचं मीच केलतं. खरं सांगतो, मला वाटलं सक्ती मंजी परत एकदा जोरात पाठव. अब्बा गाड्या दुरुस्त करायचे आमचे. गाडी सुरू न्हाई झाली की दुसरी किक जोरात मारायची, तसं. कुणाचं पुसंल असं कुठंच लिव्हलं नव्हतं.”

“नव्हतं,” मी म्हटलं. “लिहिलेलं होतं ते मी काढलं.”

पुसलेल्या प्रतींची नावं म्हणजे लांबलचक आकडे असतात. एकेक उघडून बघावी लागते. मी आज्ञा सांगत होते, इरफान टाइप करत होता, दत्ताभाऊ मागं उभे. पंचविसाव्या का तिसाव्या प्रतीला इरफानचा हात थांबला.

मंगलचं सगळं काम तिथं जसंच्या तसं होतं. वर रजेच्या आदल्या दिवसाची तारीख आणि तिची टीप : “पेशंटचा आणि पिशवीचा गट जुळत नसेल तर पिशवी देणं थांबवलं आहे. पेशंटचा गट भरलेलाच नसेल तरीही थांबवलं आहे, कारण घाईत तो रकाना रिकामा राहतो असं शेषरावभाऊ म्हणाले. चाचणी केली. मी उद्यापासून रजेवर. यात बदल करायचा असल्यास आधी मला फोन करावा.”

दत्ताभाऊ खिडकीशी जाऊन उभे राहिले. इरफाननं टीप पुन्हा वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. मंगल गेल्यावर तोच भाग त्यानं घाईनं नव्यानं लिहून दिला होता. दवाखान्यात तोच चालू होता.

“आपा, रिकाम्या रकान्याचं मी धरलंच न्हाई. गट टाकलाच न्हाई तर माझं ते सोडून देतंय.”

त्यानं तिथूनच शेषरावभाऊंना फोन लावला आणि सांगितलं, पेशंटचा गट भरल्याशिवाय पिशवी हातातून सोडू नका, कॉम्प्युटर काही म्हणो. मग तो दत्ताभाऊंकडे वळला. “आता ह्याला मी हात लावत न्हाई, भाऊ. माझं दोन महिन्यांचं आन तिचं हे नीट जुळवायचं तर तीच पायजे.”

“कुणी आणायचं तिला?” दत्ताभाऊंनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच संकोच होता.

मी म्हटलं, मी जाते. फोनवर सांगता येईल असं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली आणि बीडला गाडी बदलून दुपारी आष्टीला उतरले. मंगलचं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. ऑपरेशनमधून उठलेली तिची आई भिंतीला टेकून बसली होती. मंगल सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बारीक अंगाची, नजर रोखून बघणारी. मी तिच्या टिपेचा छापलेला कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला, आईला वाचून दाखवला आणि घडी घालून मुठीत धरला.

मग मी ती ओळ सांगितली. कोणी काढली तेही.

“कावून काढली?” तिनं विचारलं.

“लांब वाटली.”

ती हसली नाही, चिडलीही नाही. “दोन ओळी,” एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं बोलली, “ऑफिसात आठ दिवस माझ्याशी कुणी बोललं न्हाई. मला सोताला वाटाया लागलं, की मी लिव्हलंच नव्हतं का काय. तपासलं, पाठवलं, हे सगळं मनानंच रचलं का काय. नोकरी जाऊ द्या. हे लई वाईट होतं.”

मी माफी मागितली. तिनं “असू द्या” म्हटलं नाही. उठून चहा ठेवला. चहा झाल्यावर स्वतःच म्हणाली, “आता काय लिव्हणार तिथं?”

मी वहीत नवा मसुदा करून आणला होता. तो तिला दाखवला : ‘सक्ती’ वापरल्यास सहकाऱ्यांचं काम पुसलं जाईल.

“सहकारी मंजी कोण?” मंगल म्हणाली. “सहकारी म्हणलं की कुणीच न्हाई. सॉफ्टवेअरला ठावं असतं ना कुणाचं काम हाय ते? मग नाव टाका. माझं नाव दिसलं असतं, तर इरफाननं फोन केला असता मला.”

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी लिहून घेतलं. तिची आई अक्षर लावून लावून वाचणारी. तिनं वही मागितली आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. मग मला विचारलं, “मंजी हे दाबलं की दुसरीचं पुसतंय?”

“हो.”

“मंग पुसायचं कावून सांगता?”

 मी ‘सक्ती’चं अख्खं वाक्य खोडलं. त्या पडवीत बसून आम्ही लिहिलं ते असं : “पाठवणी झाली नाही. मुख्य प्रतीत मंगल यांचं नवं काम आलं आहे, ते तुमच्याकडे नाही. आधी ते ‘घ्या’, मग आपलं ‘पाठवा’. दोघांचंही काम राहील.” नावाच्या जागी ज्याचं काम असेल त्याचं नाव येईल. मोजून बघितलं, तर चार ओळी होत होत्या.

या चार ओळींवरून पुण्याशी माझं भांडण आठ महिने चाललं, ते इथंच सांगून टाकते. त्या सहीच्या कागदामुळे देवधर सर दुखावले होते. नोकरी गेली नाही, पण विभागप्रमुखाची जागा माझ्यासाठी धरली होती, ती दुसऱ्याकडे गेली. चार ओळी चौकटीत मावत नाहीत, असं मला कळवण्यात आलं. मी लिहिलं, चौकट मोठी करा. लोक कंटाळतील म्हणाले. मी म्हटलं, ‘सक्ती’ टाइप करणाऱ्याला ज्याचं काम पुसायचंय त्याचं नाव हातानं लिहायला लावा, कंटाळू द्या त्याला. नवी आवृत्ती बाहेर जायची तर संदेशांवर माझी संमती लागे. ती मी दोनदा नाकारली. तिसऱ्या वेळी मंगलचं नाव-गाव वगळून सगळी हकीकत सर्वांना लिहून पाठवली, माझी टीप आणि तिची टीप शेजारीशेजारी ठेवून. त्यावर सरांचा फोन आला. “कर मोठी चौकट,” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर कंपनीतला एकूण एक संदेश मी पुन्हा तपासला. प्रत्येक संदेश अशा एका माणसाला वाचायला द्यायचा, ज्याला आमच्या धंद्यातलं काही कळत नाही, आणि त्याला काय समजलं ते गप्प बसून ऐकायचं. शेजारचे औषधाचे दुकानदार, कॉलेजातल्या ग्रंथपाल बाई, माझी नणंद, सगळ्यांना मी भंडावून सोडलं. छोटं लिहिण्याचा माझा सोस गेला नाही. पण कापण्याआधी आता मी विचारायचे, हे गेलं तर कुणाचं काय जाईल. तरी एक सल राहिलीच. माझी ती ओळ दोन वर्षं गावोगावच्या कॉम्प्युटरवर चालू होती. मंगलनं मेल केली म्हणून मंगल कळली. ज्यांनी केली नाही, त्यांचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

आष्टीच्या त्या दुपारी मंगल माझ्यासोबत लगेच निघाली नाही. तिनं एक अट घातली. “भाऊंनी सगळ्यांसमोर मला खोटी म्हणलं. खरी बी सगळ्यांसमोरच म्हणायचं. मग येते.” मी पडवीतूनच दत्ताभाऊंना फोन लावून अट कळवली. ते म्हणाले, “रास्त हाय. उद्या घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंबाजोगाईला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. ऑफिसात दत्ताभाऊंनी सगळ्यांना उभं केलं होतं आणि रक्तपेढीतल्या शेषरावभाऊंना फोनवर, स्पीकर लावून, घेतलं होतं. दत्ताभाऊंनी घसा साफ केला. 

“मंगलनं काम केलतं,” ते म्हणाले. “पाठवलंतं. तिनं खरं सांगितलं आन मी न्हाई ऐकलं. चूक माझी हाय.”

“माझी बी,” इरफान म्हणाला.

मंगलनं मान हलवली. पर्स खुंटीला अडकवली आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसली. पुढचे दोन तास ती आणि इरफान एका पडद्यासमोर होते. ती विचारी, तो सांगे, ती बदले. मध्ये कुणीतरी आणलेला चहा तसाच गार झाला. काम मुख्य प्रतीत गेलं, तिथून दवाखान्यात बसलं. मग तिनं परत फोन लावला.

“शेषरावभाऊ, मंगल बोलते. एक खोटा पेशंट तयार करा. गट टाकू नका, रिकामाच ठेवा. आन कुठली बी पिशवी द्यायला घ्या.”

“बरं ताई. रिकामा ठेवला. पिशवी घेतली.” पलीकडं कळा दाबल्याचा आवाज आला. “आता देऊ?”

“द्या.”

ऑफिसात कुणी हललं नाही. इरफाननं डोळे मिटून घेतले होते. आणि फोनच्या त्या लहानशा स्पीकरमधून रक्तपेढीच्या कॉम्प्युटरचा कर्कश आवाज आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, थांबेचना.

“देत न्हाई, ताई!” शेषरावभाऊ त्या गोंगाटात ओरडून सांगत होते. “काय बी केलं तरी देत न्हाई!”